कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात रुजवणारा सर्जन : जॉन हंटरच्या दाताचं पुढे काय झालं?

सोलापूरचा सात रस्ता. सात बाजूंनी येणारी वाहनं एका ठिकाणी अडकतात आणि मग ज्याला जसं जमेल तसं वाट काढत निघून जातात. या भागात दातांच्या डॉक्टरकडे गेलेल्या एखाद्या पन्नाशीच्या माणसाची कल्पना करा. वरच्या बाजूची दाढ काढून त्याला पाच-सहा वर्षं झालीत. आता तिथे पक्का दात हवाय, रात्री काढून पाण्यात ठेवायची कवळी नको.

डॉक्टर एक्स-रे दाखवतात. दाढेच्या जागी हाड उरलंय जेमतेम सहा-सात मिलिमीटर. त्याच्या वर काळी पोकळी दिसते, तो सायनस. नेहमीचा लांब इम्प्लांट बसवायचा तर स्क्रू थेट पोकळीत घुसणार. मग पर्याय दोन. एक म्हणजे सायनसचा पडदा वर उचलून खाली हाडाची पावडर भरायची आणि काही महिने थांबायचं. दुसरा म्हणजे आहे तेवढ्याच हाडात आखूड इम्प्लांट बसवायचा.

सगळं ऐकून झाल्यावर तो माणूस एकच प्रश्न विचारतो. किती वर्षं टिकेल?

आता गंमत बघा. हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्येही विचारला जात होता. तेव्हा टायटॅनियम नव्हतं, एक्स-रे नव्हता, भूल द्यायची सोयही नव्हती. तेव्हा एका माणसाच्या तोंडातला जिवंत दात उपटून दुसऱ्याच्या जबड्यात बसवत. आणि हे करता येतं, असं शास्त्राचा शिक्का मारून सांगणारा माणूस साधासुधा नव्हता. आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत ज्याचं नाव सगळ्यात वर घेतलं जातं, तो जॉन हंटर.

हंटरचा जन्म फेब्रुवारी १७२८ चा. स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइड गावाजवळ लाँग कॅल्डरवूड नावाची शेतवाडी होती, तिथला. दहा भावंडांत सगळ्यात धाकटा. धाकटं पोर म्हणून लाड झाले आणि शाळा सुटली ती कायमची. वय तेरा असताना वडील वारले. पुस्तकात डोकं घालण्यापेक्षा रानात फिरून पक्ष्यांची घरटी शोधणं, मुंग्या बघत बसणं यातच त्याचा जीव रमायचा. विशीपर्यंत या मुलाचं पुढे काही होईल असं घरात कुणाला वाटत नव्हतं.

त्याचा थोरला भाऊ विल्यम मात्र लंडनला जाऊन मोठा डॉक्टर झाला होता. कॉव्हेंट गार्डन भागात त्याने शरीररचना शिकवायची खासगी शाळा काढली होती. १७४८ मध्ये जॉन घोड्यावर बसून भावाकडे पोचला. भावाने परीक्षा म्हणून त्याला एक मेलेला हात दिला आणि त्यातले स्नायू सोलून दाखवायला सांगितलं. जॉनने ते इतकं सफाईने केलं की विल्यमने त्याला तिथेच ठेवून घेतला.

पुढची दहा-बारा वर्षं तो हिवाळ्याच्या दिवसांत प्रेतं फाडत होता. हिवाळाच का, तर उन्हाळ्यात प्रेत टिकत नसे. आणि ही प्रेतं यायची कुठून? कायद्याने फासावर गेलेल्या गुन्हेगारांची मोजकी प्रेतं मिळायची. शाळेत तर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने शवविच्छेदन करायला मिळेल, हे वचन होतं. उरलेला माल स्मशानातून यायचा. रात्री ताज्या कबरी उकरून प्रेतं विकणाऱ्या टोळ्या लंडनमध्ये होत्या आणि त्यांच्याशी व्यवहार करायचं काम धाकट्या भावाकडे होतं. हंटरच्या मोठेपणाची गोष्ट सांगताना बरेच जण हा भाग पटकन उरकून पुढे जातात. पण दातांच्या गोष्टीत हाच प्रश्न पुन्हा येणार आहे. कुणाच्या शरीरातून घेतलं आणि त्याला विचारलं होतं का?

मधल्या काळात विल्यम चेसेल्डन आणि पर्सिव्हल पॉट या त्या वेळच्या नामांकित सर्जनांकडे तो शिकला. भावाने शिष्ट समाजात शोभेल असा डॉक्टर करायचा म्हणून त्याला ऑक्सफर्डलाही धाडलं. लॅटिन आणि ग्रीक बघून हंटर दोन महिन्यांच्या आत परत आला.

१७६० मध्ये तो सैन्यात सर्जन झाला. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल-इल बेटावर १७६१ मध्ये लढाई झाली. तेव्हाची पद्धत अशी की गोळी लागली की जखम आणखी कापून मोठी करायची आणि बोटं घालून गोळी शोधायची. हंटरने काय पाहिलं, तर काही जखमी सैनिक एका रिकाम्या घरात लपून राहिले होते. त्यांना कुणी हात लावला नव्हता. आणि ते चिरफाड झालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत मुळीच नव्हते. त्याने त्यातून सरळ अर्थ काढला, की गरज नसताना जखम उकरू नये.

हंटरची खरी ताकद इथे दिसते. मोठ्या लोकांनी ग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा पेशंटचं पुढे काय झालं, याला तो जास्त किंमत द्यायचा.

१७६३ मध्ये तो लंडनला परतला तेव्हा हाताशी फार काही नव्हतं. सैन्याचं अर्धं वेतन होतं, भावाच्या शाळेतली जागा दुसऱ्याला गेली होती. पोटापाण्यासाठी त्याने जे केलं ते प्रतिष्ठित सर्जन करत नसत. तो दातांच्या धंद्यात शिरला. दात उपटणं हे तेव्हा न्हाव्याचं, लोहाराचं, जत्रेतल्या वैदूचं काम मानलं जाई. हंटरने जेम्स स्पेन्स नावाच्या लंडनमधल्या दंतवैद्यासोबत काही वर्षं काम केलं. स्पेन्सकडे पेशंट होते आणि हंटरकडे शेकडो कवट्या होत्या.

त्यातून १७७१ मध्ये त्याचं दातांवरचं पुस्तक आलं. दात कसा तयार होतो, जबडा कसा वाढतो, दुधाचे दात पडून कायमचे कसे येतात, हे इंग्रजीत इतक्या बारकाईने आणि चित्रांसह आधी कुणी मांडलं नव्हतं. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा ही जी विभागणी आज दातांच्या कॉलेजात शिकवतात, ती रूढ होण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी त्याने ॲन होमशी लग्न केलं. ती कवयित्री होती, तिच्या कवितांना पुढे संगीतकार हायडनने चाली लावल्या. एकाच घरात पुढच्या दिवाणखान्यात संगीताची मैफल आणि मागच्या दाराने प्रेतांची पोती, असा हा संसार होता.

दुसरं पुस्तक १७७८ मध्ये आलं, ते दातांच्या आजारांवरचं. त्यात सात रस्त्यावरच्या आपल्या पेशंटच्या कामाची एक गोष्ट आहे, वरच्या जबड्यातली पोकळी. नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज डॉक्टरने १६५१ मध्ये तिचं नीट वर्णन केलं, म्हणून बरीच वर्षं ती त्याच्याच नावाने ओळखली जायची. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या अगदी खाली असतात. काही जणांत तर मधे कागदासारखा हाडाचा पापुद्रा. त्यामुळे दाढ सडली की पू वर चढतो. हंटरने लिहिलं, की पू साठला असेल तर दाढ काढून तिच्या खड्ड्यातून वर भोक पाडावं आणि वाट करून द्यावी.

आज इम्प्लांट बसवणाऱ्या डॉक्टरची अडचण नेमकी हीच आहे. दाढ गेली की खालून हाड झिजतं आणि वरून पोकळी खाली उतरते. शिवाय वरच्या जबड्याचं हाड खालच्याइतकं टणक नसतं. खालचा जबडा सागवान धरला तर वरच्या दाढांकडचं हाड म्हणजे थर्माकोल, असं समजा. थोडी अतिशयोक्ती आहे, पण अंदाज येईल.

आता मुख्य प्रयोगाकडे येऊ.

दुसऱ्याचा दात बसवण्याची कल्पना हंटरची नव्हती. त्याच्या दोनशे वर्षं आधी फ्रान्समधल्या आम्ब्रुआज पारे या सर्जनने ती नोंदवून ठेवली होती. पण हंटरला त्यामागचं कारण शोधायचं होतं. त्याचं म्हणणं असं की जिवंत गोष्टीत एक जीवनशक्ती असते आणि दोन जिवंत भाग एकमेकांना चिकटवले तर ते एक होऊ शकतात, झाडाचं कलम होतं तसं. त्याने कोंबड्याचा पायातला काटा काढून त्याच्या डोक्यावरच्या तुऱ्यात लावला, तो वाढला. कोंबड्याचे वृषण काढून कोंबडीच्या पोटात ठेवले.

मग त्याने माणसाचा ताजा उपटलेला निरोगी दात घेतला, कोंबड्याच्या तुऱ्यात चीर पाडली, दात आत खोचला आणि दोऱ्याने बांधून टाकला. काही महिन्यांनी कोंबडा मारून त्याच्या डोक्यातल्या रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव सोडला. तुरा कापून पाहिला तर दात घट्ट धरला होता आणि दाताच्या आतल्या मगजापर्यंत रक्तवाहिन्या पोचल्या आहेत असं त्याला दिसलं.

लंडनभर या कोंबड्याची चर्चा झाली. दात रुजला!

पण त्याच पुस्तकात हंटरने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. हा प्रयोग त्याने कितीतरी वेळा केला आणि त्यातला एकच यशस्वी झाला. लोकांनी फळीवरचा तो एक कोंबडा लक्षात ठेवला, बाकीचे विसरले. खरं तर दोन प्रश्न तेव्हाच विचारायला हवे होते. तुरा म्हणजे रक्ताने भरलेला मांसाचा गोळा, तो जबडा आहे का? आणि काही महिने म्हणजे काही वर्षं का?

पैसेवाल्या पेशंटांना एवढं थांबायचं नव्हतं. साखर स्वस्त झाली होती, श्रीमंतांचे दात किडत होते आणि समोरचा दात गेला की चारचौघांत तोंड उघडायची चोरी. हस्तिदंताचे किंवा मेलेल्या माणसांचे दात तारेने बांधून लावत, त्यांना काही दिवसांतच घाण वास सुटे. अशा वेळी एक नामांकित सर्जन सांगतोय की जिवंत दात रुजतो, म्हटल्यावर दंतवैद्यांकडे गर्दी झाली.

पद्धत कशी होती, ते वाचताना अंगावर काटा येतो. हंटरने सूचना लिहिल्या होत्या. दात शक्यतो समोरचा, एका मुळाचा असावा, दाढ नको. देणारा तरुण आणि निरोगी असावा. दात आधीच्या खोबणीत नीट बसला पाहिजे, म्हणून एकाच माणसावर भिस्त न ठेवता दोन-चार जणांना तयार ठेवावं. पहिल्याचा दात बसला नाही तर लगेच दुसऱ्याचा उपटायचा. बसला की रेशमाच्या दोऱ्याने शेजारच्या दातांना बांधून टाकायचा. पेशंटचा स्वतःचा दात किडला असेल तर तो काढून, उकळून, पुन्हा त्याच जागी बसवायचा उपायही त्याने सांगितलाय.

हे तयार ठेवलेले दोन-चार जण कोण असणार? गरिबाची पोरं. थॉमस रोलँडसन या चित्रकाराने १७८७ मध्ये काढलेलं एक व्यंगचित्र प्रसिद्ध आहे. दंतवैद्याच्या खोलीत नटलेल्या बायका, आणि त्यांच्यामध्ये धुराडी साफ करणारा काळाकुट्ट पोरगा, ज्याचा दात आत्ता उपटला जातोय. दाराशी आपला गाल धरून, हातातली नाणी बघत बाहेर पडणारी मुलं. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनच्या हिशेबवहीत मे १७८४ मध्ये गुलामांना नऊ दातांचे १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. ते दात कुणाच्या तोंडात गेले, हे वहीत लिहिलेलं नाही.

त्या मुलांचं पुढे काय झालं याची नोंद ठेवावी असं कुणाला वाटलं नाही. ज्या हंटरने हजारो प्राण्यांच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, त्यालाही नाही.

घेणाऱ्यांचं काय झालं ते मात्र हळूहळू बाहेर येऊ लागलं. बरेच दात काही आठवड्यांत सुटले. काही महिनोन्‌महिने टिकले, मोजके काही वर्षं टिकले आणि मग हलायला लागून पडले. आज त्याचं कारण माहीत आहे. दुसऱ्याच्या दाताला शरीर परकं समजतं. दात सुरुवातीला घट्ट बसल्यासारखा वाटतो, कधी हाडाला चिकटतोही. पण आतून शरीर त्याचं मूळ कुरतडत राहतं. वरून दात जसाच्या तसा दिसतो आणि एक दिवस बिनमुळाचा हातात येतो.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे दाताबरोबर येणारा आजार. १७८५ मध्ये विल्यम वॉटसन या लंडनच्या डॉक्टरने एका तरुणीची हकिकत छापली. तिला दुसऱ्या मुलीचा दात बसवला होता. काही आठवड्यांनी हिरड्या सडायला लागल्या, शेजारचे दात गेले, जबड्याच्या हाडाचे तुकडे पडले, अंगभर फोड आले. शेवटी ती गेली. दात देणारी मुलगी दिसायला पूर्ण निरोगी होती. हा उपदंश, म्हणजे सिफिलिस, दातातून आला असा अनेकांचा संशय होता.

इथे हंटर अडखळला. १७८६ मध्ये त्याने गुप्तरोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात अशा काही केसेस त्याने स्वतःच नोंदवल्या. पण हा सिफिलिस नसावा, असं त्याचं मत पडलं. म्हणजे दात देणारा धडधाकट दिसतोय ना, मग आजार येईल कसा, असा विचार. याच ग्रंथात प्रमेह आणि उपदंश हे एकाच विषाचे दोन प्रकार असल्याचंही त्याने ठासून सांगितलं. त्यासाठी एका माणसावर मुद्दाम लागण करून केलेला प्रयोग त्याने दिलाय. तो माणूस हंटर स्वतःच होता की दुसरा कुणी, यावर इतिहासकार अजून भांडतात. निष्कर्ष मात्र चुकीचा होता. आणि हंटरच्या नावाचं वजन इतकं की ती चूक दुरुस्त व्हायला पन्नासेक वर्षं लागली. फ्रान्सच्या फिलिप रिकोरने १८३८ मध्ये दोन्ही आजार वेगळे असल्याचं दाखवून दिलं. दात बसवण्याची लाट मात्र त्याच्या कितीतरी आधीच, अठरावं शतक संपता संपता ओसरली होती.

म्हणजे हंटर भोंदू होता का? अजिबात नाही. त्याच वर्षांतलं त्याचं दुसरं काम बघा.

गुडघ्यामागची धमनी फुगून फुटण्याचा आजार बग्गी हाकणाऱ्यांना फार व्हायचा. उपाय म्हणजे मांडीपासून पाय कापणं. हरणाची शिंगं वाढत असताना त्याने रक्तवाहिनी बांधली तेव्हा आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी काम उचललं, असं त्याच्या निरीक्षणाबद्दल सांगतात. डिसेंबर १७८५ मध्ये त्याने एका गाडीवानाच्या मांडीतली धमनी बांधली आणि पाय वाचवला. तो माणूस सव्वा वर्षाने तापाने वारला, तेव्हा हंटरने तो पाय मिळवून आत नेमकं काय झालं ते उघडून पाहिलं. याच ऑपरेशनचा चौथा पेशंट त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं जगला. पेशंटचा पिच्छा पुरवून, शेवटपर्यंत निकाल बघून केलेलं काम हे. दातांच्या बाबतीत त्याने एवढा पिच्छा पुरवला असता तर किती पोरांचे दात वाचले असते, असं वाटून जातं.

घरी त्याचा वेगळाच पसारा. अर्ल्स कोर्टला त्याने जागा घेतली होती आणि तिथे जनावरं पाळली होती. दोन बिबटे सुटून कुत्र्यांवर गेले तेव्हा त्याने त्यांना हातांनी धरून परत पिंजऱ्यात घातलं आणि मग आपण काय केलं हे कळून तो बेशुद्ध पडायच्या बेतात आला, असा किस्सा त्याच्या मेव्हण्याने लिहून ठेवलाय. १७८३ मध्ये चार्ल्स बर्न नावाचा साडेसात फुटांवर उंची असलेला आयरिश तरुण वयाच्या बावीसाव्या वर्षी वारला. हंटर आपल्या हाडांवर टपलाय हे त्याला माहीत होतं, म्हणून मला समुद्रात पुरा असं तो मित्रांना बजावून गेला होता. हंटरने पैसे चारून प्रेत मिळवलंच. तो सांगाडा दोनशेहून जास्त वर्षं लंडनच्या संग्रहालयात उभा होता. २०२३ मध्ये संग्रहालय नव्याने उघडलं तेव्हा कुठे तो प्रदर्शनातून हटवला गेला.

हंटरच्या घरी राहून शिकलेल्या पोरांत एक होता एडवर्ड जेन्नर, देवीची लस शोधणारा. नुसता विचार करत बसू नकोस, करून बघ, हा गुरूचा धडा त्याने आयुष्यभर पाळला. ती लस मुंबईला पोचली १८०२ मध्ये. १४ जूनला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली आणि तिच्या फोडातून घेतलेली लस पुढे पुण्याकडे आणि देशभर गेली. हंटरचा महाराष्ट्राशी संबंध जोडायचा तर तो या शिष्यामुळे.

आणखी एक धागा आहे, पण तो उलट दिशेचा. इंग्रज सैन्यासाठी बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या लढाईत टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक कापलं. वर्षभराने पुण्यात कुंभार समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. कपाळाची कातडी सोलून, भुवयांमधला तुकडा तसाच जोडलेला ठेवून, ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ते चित्रासह छापून आलं. त्यावरून पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने इंग्लंडमध्ये तसं ऑपरेशन केलं.

हंटरला हे वाचायला मिळालं असतं तर त्याची झोप उडाली असती. त्या पुण्याच्या कारागिराने दोन गोष्टी बरोबर केल्या होत्या, ज्या लंडनच्या दातांत चुकत होत्या. कातडी त्याच माणसाची होती आणि नवी जागा धरेपर्यंत तिचा रक्तपुरवठा तोडला नव्हता. पण तो अंक निघाला तेव्हा हंटर जाऊन वर्ष झालं होतं.

त्याला १७७३ पासून छातीत कळा यायच्या. राग आला की दुखणं उसळतं हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि स्वभाव तर भडकू. १६ ऑक्टोबर १७९३ ला सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. कुणीतरी त्याचं म्हणणं खोडलं. तो तोंडातून शब्द न काढता शेजारच्या खोलीत गेला आणि तिथेच कोसळला. त्याच्याच इच्छेप्रमाणे मेव्हणा एव्हरार्ड होमने त्याचं शवविच्छेदन केलं. हृदयाच्या धमन्या हाडासारख्या कडक झाल्या होत्या.

मागे राहिलं कर्ज आणि सुमारे १४ हजार नमुने. सरकारने १७९९ मध्ये ते १५ हजार पौंडांना विकत घेतले. हस्तलिखितांची मात्र होमनेच वाट लावली. वर्षानुवर्षं त्यातला मजकूर स्वतःच्या नावाने खपवला आणि १८२३ मध्ये कागद जाळून टाकले. नशीब एवढंच, की विल्यम क्लिफ्ट नावाच्या तरुण मदतनीसाने बऱ्याच पानांच्या नकला आधीच उतरवून ठेवल्या होत्या.

दाताची गोष्ट पुन्हा सुरू व्हायला १९५२ उजाडावं लागलं. स्वीडनचा पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात रक्ताभिसरण बघत होता. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी काढायला गेला तर निघेना, हाड तिला धरून बसलं होतं. हंटर ज्या जीवनशक्तीच्या शोधात होता तिचा इथे संबंधच नव्हता. उलट धातू निर्जीव होता, म्हणून शरीराने त्याला परकं मानून कुरतडलं नाही. १९६५ मध्ये त्याने गोस्टा लार्सन या पेशंटच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारला, तोवर ते जागेवर होते.

ब्रोनेमार्कच्या गटाने घाई केली नाही. पंधरा वर्षांच्या नोंदी ठेवून १९८१ मध्ये निकाल छापले. खालच्या जबड्यातले ९१ टक्के स्क्रू पक्के राहिले, वरच्या जबड्यातले ८१ टक्के. वरचा जबडा मागेच. सुरुवातीच्या गुळगुळीत पृष्ठभागाच्या आखूड स्क्रूंचं तर वरच्या मऊ हाडात आणखीच अवघड व्हायचं. पृष्ठभाग खरबरीत करायला लागल्यावर हाडाची पकड वाढली आणि सहा ते आठ मिलिमीटरचे इम्प्लांट पुन्हा वापरात आले.

पाच वर्षांपर्यंतच्या अभ्यासांत हे आखूड इम्प्लांट, सायनस उचलून बसवलेल्या लांब इम्प्लांटच्या जवळपास बरोबरीने टिकताना दिसतात, आणि त्यात ऑपरेशन लहान, त्रास कमी, खर्चही कमी. दहा वर्षांच्या पुढचे आकडे अजून तितके भरभक्कम नाहीत. सिगारेट, तंबाखू, आटोक्यात नसलेली शुगर आणि हिरड्यांचा जुना आजार असेल तर लांबी कितीही असो, धोका वाढतोच. सात रस्त्यावरच्या त्या माणसाने डॉक्टरला कोणता इम्प्लांट हे विचारावंच, पण आपल्यासारख्या किती पेशंटांना पाच-दहा वर्षांनी परत बोलावून तपासलंय, हेही विचारायला हरकत नाही.

हंटरला आधी सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चच्या तळघरात ठेवलं होतं. १८५९ मध्ये ते तळघर रिकामं करायचं ठरलं, तेव्हा फ्रान्सिस बकलंड नावाच्या सर्जनने हजारो शवपेट्यांच्या ढिगातून कित्येक दिवस शोधून त्याची पेटी बाहेर काढली. ती वेस्टमिन्स्टर ॲबीत नेऊन पुरली. संग्रहालयावर मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्ब पडले आणि बराच संग्रह नष्ट झाला. कोंबड्याचं ते डोकं मात्र वाचलं. मधोमध चिरलेलं, तुऱ्यात माणसाचा दात असलेलं, ते आजही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात बरणीत आहे.